विहीर खणण्यापूर्वीं भूमी ओळखा

होळी झाली म्हणजे वऱ्हाडच्या पायनघाटांत बोअर पाडणाऱ्या यंत्रांच्या गाड्या गांवोगांव फिरूं लागतात. ज्याच्या हातीं कापसाचे चार पैसे आले असतील तो, आणि ज्याच्या हातीं आले नसतील तोही कर्ज काढून, आपल्या शेतांत एक बोअर घेतो. कोणी नारळ फोडतो, कोणी पायाळू माणसास बोलावून पाणी पाहवितो. दीडशें फूट होतात, दोनशें होतात, आणि पाणी लागतें. यंत्राभोंवतीं जमलेली मंडळी ओंजळ पुढें करिते. पहिली ओंजळ तोंडांत घेणाऱ्याचा चेहरा पाहिला म्हणजे पुढें कांहीं विचारावें लागत नाहीं. पाणी खारें आहे.

प्रस्तुत लेखकानेंही ती ओंजळ घेतलेली आहे. सन २००८ च्या उन्हाळ्यांत आमच्या शेतांत बोअर घेण्याचें ठरलें तेव्हां वडील हयात होते. ते म्हणाले, “पोरा, या वावरांत पाणी नाहीं असें नाहीं, पण जें आहे तें पिकाचें नाहीं.” मीं तें जुन्या माणसाचें बोलणें म्हणून सोडून दिलें. एकशेंऐंशी फुटांवर खारें पाणी लागलें. यंत्रवाल्यानें सांगितलें कीं, आणखी शंभर फूट उतरूं द्या, खालचें पाणी गोड असतें. खालचें पाणी वरच्याहून खारें निघालें. तरीही केलेला खर्च फुकट जाऊं नये म्हणून त्याच पाण्यावर मीं एका तुकड्यांत हरभरा घेतला. कर्ज फेडण्यास पांच वर्षें लागलीं. परंतु कर्ज फिटलें, तुकडा मात्र अद्याप सुधारला नाहीं. पहिल्या पावसाचें पाणी आजही तेथें डबक्यासारखें साचून राहतें व वखर घालण्यास शेजारच्या वावरापेक्षां आठ दिवस अधिक थांबावें लागतें.

यंत्रवाल्यास दोष देऊन भागणार नाहीं. कातळाच्या मुलखांत एखादे वेळीं खोल गेल्यानें चांगली झिरप लागते. तो अनुभव त्यानें आमच्या गाळाच्या मुलखास लावला. मोठी चूक माझी होती. ज्या भूमीवर माझ्या तीन पिढ्या राबल्या तिच्या पोटांत काय आहे, याची मीं चौकशीच केली नव्हती. ही चौकशी प्रत्येक शेतकऱ्यानें केली पाहिजे आणि आपल्या मंडळानें ती करविली पाहिजे, असें माझें ठाम मत झालें आहे. तें कां, हें या लेखांत मांडावयाचें आहे.

प्रथम या खोऱ्याची घडण थोडक्यांत पाहूं. उत्तरेस सातपुड्याची गाविलगडची रांग व मेळघाट, दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगरांचा बालाघाट, आणि मध्यें हा सपाट पायनघाट. पूर्णा नदी सातपुड्यांत उगम पावून अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून पश्चिमेस वाहते आणि जळगांव जिल्ह्यांत चांगदेवपाशीं तापीस मिळते. उत्तरेकडून चंद्रभागा, शहानूर व वान, दक्षिणेकडून पेढी, उमा, काटेपूर्णा, मोर्णा व मन या नद्या तिला येऊन मिळतात. वरवर पाहतां हें इतरांसारखेंच नदीनें कोरलेलें खोरें वाटतें. परंतु तसें तें नाहीं. सातपुड्याच्या पायथ्याशीं भूकवच तुटून लांबच लांब भेग पडलेली आहे. तिच्या दक्षिणेकडील भाग खचला, आणि त्या खचलेल्या द्रोणांत दोन्ही बाजूंच्या डोंगरांवरून आलेला गाळ युगानुयुगें सांचत गेला. माती, रेती व गोटे यांचे हे थर कांहीं ठिकाणीं सुमारें हजार फूट खोल आहेत. सुमात्रा बेटांतील टोबा ज्वालामुखीचा जो महास्फोट सुमारें ७४,००० वर्षांपूर्वीं झाला, त्याची राखदेखील या गाळांत सांपडली आहे. आपण ज्या मातींत पऱ्हाटी लावतों ती किती लांबची व किती जुनी ठेव आहे, हें यावरून ध्यानांत येईल.

या गाळाचें मूळ म्हणजे डोंगरांतील काळा पाषाण. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भूगर्भांतून शिलारस बाहेर पडून थरावर थर बसले व दख्खनचें पठार बनलें. या पाषाणांतील खनिजांत सोडियम व कॅल्शियम हीं दोन्ही मूलद्रव्यें असतात. त्याच्या पोकळ्यांतून झिओलाइटचे शुभ्र स्फटिक, गारगोटी व अकीक सांपडतात. पाषाण झिजला म्हणजे त्याची स्मेक्टाइट नांवाची अत्यंत बारीक चिकण माती होते. पाणी प्याली कीं ती फुगते आणि वाळली कीं आकसून हातभर भेगा पाडते. आपली काळी भारी जमीन ती हीच. आमच्या खोऱ्यांत सोन्याच्या वा कोळशाच्या खाणी नाहींत, म्हणून आम्ही या भूमीस खनिजहीन समजतों. परंतु शेतकऱ्यास चिकण माती, चुना, सोडियम व झिओलाइट हींच खरीं खनिजें होत. त्यांच्या प्रमाणावर त्याचें घर वसतें किंवा उठतें.

आतां हें मीठ आलें कोठून? पूर्वीं येथें समुद्र होता व तो आटून मीठ राहिलें, असें आमच्याकडे पुष्कळ लोक सांगतात. परंतु हा गाळ नद्यांनीं आणून टाकलेला आहे आणि क्षार उत्पन्न होण्यास समुद्राची मुळींच गरज नाहीं. पाषाण झिजतांना सोडियम व कॅल्शियम पाण्यांत उतरतात. आमच्याकडे पाऊस वर्षास सातशें ते नऊशें मिलिमीटर पडतो, तोही चार महिन्यांत. उरलेले आठ महिने ऊन जमिनींतील ओल ओढून घेतें. ओल आटूं लागली कीं कॅल्शियम हा चुनखडीच्या खड्यांच्या रूपानें वेगळा पडतो आणि सोडियम मात्र पाण्यांत राहतो. असें वर्षानुवर्षें होत गेलें म्हणजे मातींत चुन्याचे खडे वाढतात व चिकण मातीच्या कणांस सोडियम चिकटत जातो. वर चिकण मातीमुळें निचरा नाहीं, खालीं द्रोणांतून पाण्यास वेगानें बाहेर जाण्यास वाट नाहीं. म्हणून खोल थरांतील जुनें पाणी धुवून न जातां तेथेंच मुरत राहिलें व अधिकाधिक खारें झालें.

ही गोष्ट आपल्या पूर्वजांस ठाऊक नव्हती असें नाहीं. भूगर्भ खात्याचे वाइन यांनीं १८६९ सालीं पूर्णेच्या खोऱ्याची पाहणी प्रसिद्ध केली. त्या काळच्या नोंदींत येथील मिठाच्या विहिरींचें वर्णन आहे. नदीच्या दोन्ही अंगांस लोक खोल विहिरी खणीत आणि मिठवणी उपसून, उन्हांत आटवून मीठ करीत. पुढें ब्रिटिश अमदानींत तो धंदा बंद झाला. विचार करण्यासारखी गोष्ट अशी कीं, पूर्वीं मीठ मिळविण्यासाठीं ज्या मुलखांत माणसें खोल जात, त्याच मुलखांत आज आम्ही गोड्या पाण्यासाठीं खोल जात आहों! धंदा बुडाला तो बुडाला. त्याबरोबर भूमीची ओळखही बुडाली.

सोडियम मातीस काय करितो, हें समजून घेणें अगत्याचें आहे. कॅल्शियम चिकटलेले मातीचे कण एकमेकांस धरून राहतात व त्यांमध्यें हवा-पाण्यास वाट राहते. सोडियम चिकटला कीं तेच कण सुटे होऊन पाण्यांत पसरतात आणि वाटा बुजवितात. मग पाऊस पडला तरी पाणी आंत जात नाहीं. वरची माती चिखल होते, खालची कोरडी राहते. अशा जमिनीस आपण चोपण म्हणतों. मातीच्या कणांवरील विनिमयक्षम सोडियमचें प्रमाण शेंकडा १५ झालें म्हणजे जमीन चोपण समजावी, असा सर्वसाधारण नियम आहे. परंतु नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेंतील संशोधकांनीं दाखवून दिलें आहे कीं, आमच्या चिकण मातींत तें शेंकडा ५ झालें तरी निचरा बिघडूं लागतो. सन २००२ मध्यें पेढी नदीच्या पाणलोटाविषयीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत आणखी एक मार्मिक गोष्ट आढळली. एकाच शिवारांत किंचित् उंचवट्यावरची जमीन चोपण झालेली असते आणि किंचित् खोलगट जागेंतील जमीन चांगली राहते. कारण उंचवट्यावरून पाणी वाहून जातें व आंत कमी मुरतें, तेथें चुना अधिक वेगळा पडतो. म्हणजे एका धुऱ्याच्या अलीकडे व पलीकडे दोन जातींच्या जमिनी असूं शकतात. ज्या मातींत झिओलाइटचा अंश आहे ती कॅल्शियम पुरवीत राहते, म्हणून तिचा निचरा टिकतो. शेजाऱ्याची विहीर किंवा शेजाऱ्याचें पीक पाहून आपण पैसे घालतों, तें किती धोक्याचें आहे हें यावरून कळावें.

याच्या अगदीं उलट स्थिति सातपुड्याच्या पायथ्याची आहे. तेथें डोंगरांतून उतरणाऱ्या नद्यांनीं मोठाले गोटे व रेती टाकली आहे. त्यांतून पावसाचें पाणी सहज मुरतें व तें गोड असतें. अचलपूर, अंजनगांव, अकोट व तेल्हारा यांच्या वरच्या अंगास संत्री व केळी उभीं आहेत तीं या गोट्यांच्या कृपेनें. परंतु हा सांठा अक्षय नाहीं. तेथील बंधूंनीं बोअरमागून बोअर घेऊन पाणी इतकें खालीं नेलें आहे कीं, बागा वांचविण्यास दरवर्षीं अधिक खोल जावें लागतें. हें पाणी म्हणजे साऱ्या खोऱ्याच्या गोड पाण्याचें मुख आहे. वरच्या नाल्यांत पाणी अडविणें व मुरविणें हें काम केवळ बागायतदारांचें नसून खालच्या खारपाणपट्ट्यांतील आम्हां सर्वांचें आहे; कारण पिण्याच्या पाण्यासाठीं आमची दृष्टि अखेर त्याच डोंगराकडे लागते. वान धरणाच्या पाण्यावरून शेती आणि शहरें यांच्यांत जो वाद झाला, तो याच टंचाईचा परिणाम होय.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळतों. खारपाणपट्टा सुमारें ४.७ लाख हेक्टरांवर पसरला असून त्यांत नऊशेंच्या आसपास गांवें आहेत. या गांवांस कालव्याचें पाणी मिळावें ही मागणी जुनी व न्याय्य आहे. पूर्णा नदीवरील जिगांव प्रकल्प, नेर-धामणा बॅरेज, आणि वैनगंगेचें पाणी नळगंगेपर्यंत आणण्याची योजना यांजकडे लोक आशेनें पाहत आहेत. माझें म्हणणें पुष्कळांस कटु वाटेल, तरी तें स्पष्टपणें मांडणें माझें कर्तव्य आहे. निचऱ्याचे चर खोदल्यावांचून या पट्ट्यांत कालव्याचें पाणी सोडणें म्हणजे आजारी माणसास पोटभर पक्वान्न वाढणें होय. पाणी यावें, परंतु निचरा त्याच्या आधीं, निदान त्याच्या बरोबर, यावा.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो कीं, कालव्याचें पाणी गोड आहे, तें जमिनीचें मीठ धुवून नेईल. नेईल, पण कोठें? चोपण माती पाणी खालीं जाऊं देत नाहीं, आणि जें थोडें जातें तें खालच्या खाऱ्या पाण्याची पातळी वर उचलतें. पाणी मुळांपाशीं आलें कीं ऊन त्यांतील ओल ओढतें व मीठ वर ठेवितें. ही केवळ कल्पना नव्हे. नीरेचा डावा कालवा १८८५ सालीं सुरू झाला. पुढें त्यावरील काळ्या जमिनी पाणथळ व खारवट होऊं लागल्या आणि सरकारास निचऱ्याच्या कामासाठीं स्वतंत्र अधिकारी नेमून चर खोदावे लागले. कृष्णा व पंचगंगा यांच्या कांठीं सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांतील उसाच्या जमिनींची तीच कथा आहे. तेथील शेतकरी आज जमिनींत सच्छिद्र नळ पुरून निचरा करूं लागले आहेत. त्या जमिनी मुळांत चांगल्या होत्या, तरी त्यांची ही गत झाली. आमची जमीन तर आधींच चोपण, आणि तिच्याखालीं मिठवणीचा सांठा. तिचें काय होईल, हें सांगण्यास ज्योतिषी नको.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो घेणाऱ्या बंधूंविषयीं मला आदर आहे. ते म्हणतात, “तुम्ही निचऱ्याची अट घातली कीं सरकारास विलंब करण्यास आणखी एक निमित्त मिळेल. आमच्या दोन पिढ्या वाट पाहण्यांत गेल्या. गांवांतील माणसें खारें पाणी पिऊन मूत्रपिंडाच्या विकारांची तक्रार करितात. आम्हांस पाणी द्या, पुढचें पुढें पाहूं.” या बोलण्यांतील वेदना खरी आहे, आणि विलंबाची भीतिही खोटी नाहीं. पिण्याच्या पाण्याला तर कोणतीच अट असूं नये. तें आज मिळालें पाहिजे. परंतु ओलिताच्या बाबतींत “पुढचें पुढें” म्हणतां येत नाहीं. पाणी उशिरां आलें तर एका पिढीचें उत्पन्न बुडतें. जमीन गेली तर पुढील सर्व पिढ्यांचें बुडतें. म्हणून मागणी अशी असावी: काम थांबवूं नका, मात्र कालव्याच्या अंदाजपत्रकांत निचऱ्याच्या चरांचा खर्च धरल्यावांचून तें मंजूर करूं नका. धरणाची भिंत दिसते, तिचें उद्घाटन होतें. चर दिसत नाहीं, त्याला कोणी हार घालीत नाहीं. म्हणूनच चरासाठीं शेतकऱ्यांनींच आग्रह धरला पाहिजे. आणि पाणी आल्यावर तें पाट फोडून मोकाट देण्याऐवजीं तुषार किंवा ठिबक पद्धतीनें, हरभऱ्यास वा तुरीस एक-दोन पाळ्या, एवढ्यापुरतेंच वापरण्याचा निर्बंध आपण होऊन स्वीकारावा. खारपाणपट्ट्यांत ऊस नको, हें आजच ठरवून टाकावें.

तोंपर्यंत हातावर हात देऊन बसण्याचें कारण नाहीं. निसर्गानें आम्हांस एक गोड पाणी दरवर्षीं घरपोंच दिलेलें आहे. तें म्हणजे पावसाचें. जी माती पाणी मुरूं देत नाहीं तीच तें तळ्यांत धरून ठेवण्यास उपयोगी पडते, हा या भूमीचा दुर्गुणांतील गुण होय. शेततळें फार खोल न घेतां पसरट घ्यावें, म्हणजे खालच्या खाऱ्या पाण्याशीं त्याचा संबंध येणार नाहीं. सन २०१६ पासूनच्या शासनाच्या शेततळें योजनेंत व २०१८ पासून जागतिक बँकेच्या साह्यानें चाललेल्या नानाजी देशमुख कृषि संजीवनी प्रकल्पांत आमच्या पट्ट्यांतील कित्येक गांवांत अशीं तळीं झालीं. ज्यांनीं त्या पाण्यानें हरभऱ्यास ऐन फुलोऱ्यांत एक पाळी दिली, त्यांस तळ्याचें मोल सांगावें लागत नाहीं. चोपण तुकड्यांत जिप्सम घालावें. त्यांतील कॅल्शियम सोडियमची जागा घेतो. मात्र सुटलेला सोडियम वाहून जाण्यास उताराच्या दिशेनें चर असलाच पाहिजे, नाहींतर जिप्समचे पैसे मातींत गेले असें समजावें. धैंचा किंवा ताग फुलावर येतांच जमिनींत गाडावा, आणि रुंद वरंबा-सरीवर पेरणी करावी. जिप्समचें प्रमाण मात्र शेजाऱ्यास विचारून ठरवूं नये, माती तपासून ठरवावें. अकोल्यास १९६९ पासून कृषि विद्यापीठ आहे, तेथें ही तपासणी होते.

अखेरीस आपल्या मंडळास एक विनंति. प्रत्येक गांवांत जुन्या-नव्या विहिरी व बोअर शेंकड्यांनीं आहेत. कोणत्या गटांत किती फुटांवर कसली माती लागली, पाणी किती फुटांवर लागलें व तें गोड कीं खारें, ही माहिती शेतकऱ्यांच्या तोंडीं आहे. ती म्हातारीं माणसें गेलीं कीं जाईल. मंडळानें गांववार एक वही करावी, प्रत्येक विहिरीच्या पाण्याची क्षारता मोजून तींत नोंदावी, आणि ती वही ग्रामपंचायतींत सर्वांस पाहण्यास ठेवावी. नवी विहीर किंवा बोअर घेऊं इच्छिणाऱ्यानें कर्जाच्या अर्जावर सही करण्यापूर्वीं ती वही पाहावी. यास फारसा पैसा लागत नाहीं. चार तरुण, एक मोजणीचें लहान यंत्र व एक उन्हाळा एवढें पुरे. अशी वही २००८ सालीं आमच्या गांवीं असती, तर मीं ती पाहिली असती कीं नाहीं हें सांगवत नाहीं. परंतु न पाहण्यास मला कांहीं सबब तरी राहिली नसती.

वडिलांचें तें वाक्य त्या वेळीं मला अडाणीपणाचें वाटलें होतें. आतां कळतें कीं, या खोऱ्याचें सारें भूशास्त्र त्या एका वाक्यांत होतें. तें त्यांनीं पुस्तकांत वाचलें नव्हतें. पन्नास पावसाळे त्याच वावरांत काढून तें मिळविलें होतें. आपण पुस्तकेंही वाचूं आणि म्हाताऱ्यांचेंही ऐकूं. आणि मग कुदळ उचलूं. वाचकांपैकीं ज्यांचा अनुभव याहून निराळा असेल त्यांनीं तो मंडळाकडे अवश्य लिहून पाठवावा. वहीची सुरुवात त्यापासूनच होईल.